बांधिलकी की निरुपाय?

भिन्न संस्कृतींतील स्त्री-पुरुषांचे प्रेमसंबंध कशाच्या बळावर टिकतात, याचा विचार करताना कॅरिल रस्बल्ट यांनी १९८० साली मांडलेल्या गुंतवणूक-प्रतिमानाचा आधार वारंवार घेतला जातो. सहवासातील समाधान आणि संबंधात घातलेला काळ, श्रम व जिव्हाळा वाढला की बांधिलकी वाढते; बाहेरचे पर्याय आकर्षक वाटू लागले की ती घटते, असे हे प्रतिमान सांगते. मांडणी सुबोध आहे व तिला पुरावाही विपुल मिळाला आहे. तथापि प्रस्तुत विषयापुरते तिच्यातील 'पर्याय' हे पद तपासून घेणे अगत्याचे वाटते.

लेहमिलर व ॲग्न्यू यांच्या २००६ मधील अभ्यासात समाजाची नापसंती सोसणारी युगुले होती. भिन्नवंशीय युगुलांचा त्यांत समावेश होता. अशा संबंधांत गुंतवणूक कमी आढळली. मात्र तिच्या मानाने बांधिलकी अपेक्षेहून अधिक निघाली. बाहेरचे पर्याय या व्यक्तींना निकृष्ट वाटत होते, असे त्याचे कारण दिले आहे. येथे वाचकाने थोडे थांबावे. जोडीदारावर मन जडल्यामुळे दुसरे कोणी नजरेत भरत नाही, हा निकृष्टतेचा एक अर्थ. स्वकीयांनी दार लावून घेतले, म्हणून परतण्यास जागाच उरली नाही, हा दुसरा. आकडा मात्र दोहोंचा सारखाच येतो. मायकेल जॉन्सन यांनी राहावेसे वाटणे, राहिले पाहिजे असे वाटणे आणि राहणे भाग पडणे, असा जो भेद केला आहे, तो येथे अधिक उपकारक ठरतो.

आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये तीस दिवसांची जाहीर नोटीस द्यावी लागते. संसार मांडण्यापूर्वीच आप्तांचा रोष पत्करण्याचा प्रसंग अनेकांवर येतो. स्टॅफर्ड व कॅनरी यांनी १९९१ साली संबंध जोपासण्याचे जे पाच मार्ग सांगितले, त्यांतील आप्तमित्रांचा आधार हा मार्ग अशांना आरंभीच बंद होऊ शकतो. उरलेल्यांपैकी मनमोकळेपणाचे माप तरी कोणाच्या रीतीने घ्यावयाचे? पतीचे नाव घेणेही जेथे अनुचित, अशा घरात वाढलेल्या स्त्रीचा अबोल जिव्हाळा प्रश्नावलीत उणा भरेल. शिवाय दोघांपैकी एकानेच दुसऱ्याची भाषा, सण व स्वयंपाक आत्मसात केला असेल, तर तो संसार जोपासला गेला खरा. परंतु कोणाच्या कष्टाने?

उद्या विभक्त व्हावयाचे ठरल्यास आपण कोठे जाल, एवढा एक प्रश्न अशा प्रश्नावलींत घातला, तर बांधिलकीचे आकडे निराळ्या दृष्टीने वाचता येतील.