पाटलाला शिव्या देऊन भागत नाही

त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' मी सूतगिरणीच्या रातपाळीवरून आल्यावर डोळे ताणून वाचला. १९१५ सालचं पुस्तक. आपली पोरं म्हणतात, बामणाचं आहे, ठेवून दे. मी म्हणतो, वाचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, फिरस्ते, सगळ्यांची नोंद या माणसाने केलीय. वतनदार रयतेला कसे नाडतात तेही लपवलेलं नाही. पण हिशेब मांडताना तो चुकतो, आणि जिथे चुकतो तिथेच आपला आजा उभा आहे.

आत्र्यांच्या हिशेबात कुणबी गाडा ओढतो, आणि महार-मांग त्याच्या खळ्यावर हात पसरतात. मी विचारतो, महार राबत होता कुणासाठी? वसुलाची रक्कम तालुक्याला पोचवणं, साहेबाचा मुक्काम पडला की सामान वाहणं, शीव दाखवणं, रात्री-अपरात्री टपाल घेऊन पळणं, ही काय कुणब्याच्या शेतातली कामं होती? ही सरकारची कामं. राबवायचं सरकारने, हुकूम सांगायचा पाटलाने आणि पोटाला घालायचं गावाने. गाव चिडलं की बलुतं बंद. सरकारच्या खिशाला तोशीस नाही.

हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करायला त्यांनी १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं. वतनदार महार हजर नसला तर त्याच्या बापाला, घरातल्या दुसऱ्या कुणाला कामावर ओढतात, हे त्यांनी तिथे मांडलं. मागणी साधी होती: काम सरकारचं, तर पगारही सरकारनेच द्या. बिल पास झालं नाही. महारवतन रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

आता पाटलाकडे बघा. १८१८ ला पेशवाई बुडाली. इंग्रजाने पाटील मोडला नाही, कामाला लावला. पुढे रयतवारी आली, सारा खातेदाराच्या नावावर बसला, आणि गावाच्या वतीने सरकारशी घासाघीस करायची पाटलाची जुनी ताकद गेली. मुलकी पाटील वसुलाला, पोलीस पाटील बंदोबस्ताला. म्हणजे मामलेदारापुढे तो हात जोडून उभा. पण महारवाड्यात? तिथे तोच सरकार. वर गेलेली पत त्याने खाली वसूल केली.

माझा आजा येसकर होता. पाटलाची हाक आली की भाकर टाकून उठायचा, असं आजी सांगायची. मी यावर कविता लिहिली. पाटलाला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. टाळ्या पडल्या. आज ती कविता मला अर्धी वाटते. तिच्यात मामलेदार नाही, कलेक्टर नाही, १८७४ चा कायदा नाही. फेटा आणि मिशी दिसली, त्याच्यामागची कचेरी दिसली नाही. आपल्या पुष्कळ कवितांचं असंच झालंय. आत्र्यांना महार ओझं वाटला, आपल्याला पाटील राक्षस वाटला. दोघांच्याही हातून सरकार सुटलं.

मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या कायद्याने गेलं. पोलीस पाटील आहेच, पण आता वारशाने नाही, नेमणुकीने. तरी मधला माणूस संपला का? आमच्या खात्यात मुकादम आहे. मालकाचं आम्हाला सांगतो, आमचं मालकाला सांगतो, आणि दोन्हीकडून आपलं काढून घेतो. तोही आमच्यातलाच.

म्हणून मित्रांनो, एक कडू बोलतो. वस्तीचं गाऱ्हाणं घेऊन आमदाराच्या बंगल्यावर जाणारा आणि आमदाराचा निरोप घेऊन वस्तीत येणारा कार्यकर्ता कोण असतो? मी स्वतः दोनदा असा गेलोय. दुसऱ्यांदा परत येताना माझा आवाज बदलला होता, हे माझ्या आईने ओळखलं. पुढची कविता मी त्या आवाजावर लिहिणार आहे. तुम्हीही लिहा, आणि 'गावगाडा' वाचा, भांडत भांडत वाचा.

जयभीम.