इंग्रजी अलंकारांचे अध्यापन आणि मराठीचा आधार

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशी विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत झाल्याची कथा आहे. हे वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. या जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या उच्च प्राथमिक वर्गात इंग्रजी अलंकार शिकविताना मराठीचा आधार घ्यावा, हे सयुक्तिकच होय. तो कसा घ्यावा, हा खरा प्रश्न आहे.

'सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक' अशा जोड्या लावणे सोयीचे असले तरी काटेकोर नव्हे. 'जणू'ने सूचित होणारी उत्प्रेक्षा मराठीत स्वतंत्र अलंकार आहे. इंग्रजीच्या शालेय वर्गीकरणात ती बहुधा सिमिलीतच सामावते. उपमेय गाळून केवळ उपमान योजिले, तरी इंग्रजीत तो मेटॅफरच ठरतो. मम्मट मात्र त्याची गणना अतिशयोक्तीत करतो. शाळेत तर अतिशयोक्तीची जोडी हायपरबोलशी लावलेली असते!

केवळ शब्दखुणांवर विसंबणेही घातक होय. 'लाइक' दिसताच सिमिली म्हणणारा विद्यार्थी 'आय लाइक मँगोज' या वाक्यातही अलंकार शोधील.

मराठीकडून घ्यावयाची ती नावे नव्हेत, पृथक्करणाची पद्धती होय. उपमेय, उपमान, साधारण धर्म व साधर्म्यवाचक शब्द ही चार अंगे प्रथम परिचित वाक्यात दाखवावीत. ज्याने हिमवर्षाव पाहिलेला नाही, त्याला 'ॲज व्हाइट ॲज स्नो' ही केवळ पाठांतराची बाब राहते. शेतातल्या कापसाचे शुभ्रत्व मात्र त्याच्या अनुभवातले आहे. त्या उपमेची अंगे ओळखता आली, की हिमाची उपमा त्याला उलगडेल. संज्ञा त्यानंतर द्यावी.