बोली कोणाची, नाव कोणाचे?

तुलसी नगरातल्या आमच्या मराठी घरात आजी एका भाषेत रागावते, नातू दुसऱ्या भाषेत उत्तर देतो. म्हणूनच की काय, २००९ साली भोपाळात निवर्तलेल्या हबीब तन्वीरांची एक चूक मला फार जवळची वाटते. छत्तीसगढच्या ‘नाचा’ कलावंतांना ते आरंभी हिंदीत बोलायला लावीत, रंगमंचावरच्या हालचाली आखून देत. गावात रात्ररात्र जागवणारे हे नट येथे मात्र अवघडून जात. १९७३ च्या रायपूर शिबिरात तन्वीरांनी त्यांची बोली त्यांना परत दिली, नाचातली तीन जुनी प्रहसने घेतली आणि मधले दुवे नटांकडूनच आयत्या वेळी रचून घेतले. आपल्या तमाशातली बतावणी रंगते तसे. ‘गाव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ असे उभे राहिले.

लोकजीवनाचा अभ्यासक वही उघडतो तेव्हा माणसे सावरून बोलतात. सोंगात ती मोकळी होतात. ही रीत मला कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा खरी वाटते. पण एक खटकते. १९७५ चे ‘चरणदास चोर’ याच नटांच्या साथीने घडले, १९८२ मध्ये एडिंबरात गौरवले गेले. छापील संहितेवर नाव मात्र तन्वीरांचे. मदनलाल, फिदाबाई यांच्या तोंडून तालमीत जे प्रथम निघाले असेल, त्याचा धनी कोण?