कीटकनाशके आणि गोड्या पाण्यातील मासे : रूढ संशोधनपद्धतीची समीक्षा

प्रस्तावना :
भुदरगड तालुक्यातील गारगोटी वेदगंगेच्या काठी वसली आहे. या खोऱ्यातील ऊस व भातशेतीवर फवारलेल्या कीटकनाशकांचा अंश पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत व तेथून नदीत जाऊ शकतो. त्यामुळे माशांवरील विषपरिणाम हा येथील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांना जवळचा विषय आहे. या विषयाच्या रूढ संशोधनपद्धतीचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पद्धतीचे योगदान :
टाकीत ठेवलेल्या माशांपैकी निम्मे ९६ तासांत मरतील अशी विषाची तीव्रता, म्हणजेच एलसी-५०, काढणे हा या पद्धतीचा पाया होय. तिचे योगदान नाकारता येणार नाही. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके अॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराचे कार्य रोखतात, कल्ल्यांच्या पटलांना इजा होते, यकृतातील ग्लायकोजेन घटते, हे अशा प्रयोगांतूनच स्पष्ट झाले. सस्तन प्राण्यांना तुलनेने सौम्य असणारी सायपरमेथ्रिनसारखी द्रव्ये माशांना अत्यल्प मात्रेतही घातक ठरतात, हेही त्यांनीच दाखविले.

मर्यादा :
तथापि नदी म्हणजे टाकी नव्हे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्यानंतर पाणी अडविले जाते. तेथे माशांचा विषाशी येणारा संबंध ९६ तासांचा नसून महिनोन्‌महिन्यांचा असू शकतो. याउलट, पहिल्या पावसाचे पाणी शेते धुऊन येते, नेमके तेव्हाच चढणीचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध निघतात. शिवाय टाकीत बहुधा एकच द्रव्य असते, नदीत मात्र अनेकांचे मिश्रण. मासा मेला नाही म्हणजे तो निरोगी आहे, असेही नव्हे. मंदावलेली हालचाल व घटलेले प्रजनन यांनीही प्रजाती क्षीण होते.

या संदर्भात रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) या ग्रंथातील कॅनडामधील मिरामिची नदीचे उदाहरण बोलके आहे. १९५४ मध्ये तेथील जंगलांवर डीडीटी फवारले गेले आणि सामन माशांची त्या वर्षीची पिले नष्ट झाली. हानी सिद्ध करता आली, कारण १९५० पासून त्या नदीतील माशांची दरवर्षी गणना होत होती. आपल्याकडे एलसी-५० चे आकडे आहेत, परंतु ओढ्यानाल्यांतील माशांच्या अशा सलग नोंदी कितीशा आहेत ?

निष्कर्ष :
सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली. एक द्रव्य गेले की दुसरे येते आणि पहिल्याविषयीचे आकडे कपाटात राहतात. माशांची नोंद मात्र जुनी होत नाही. उलट, जितकी जुनी तितकी ती मोलाची ठरते. नदीकाठच्या महाविद्यालयांना दरवर्षी विद्यार्थी लाभतात व नदी हाकेच्या अंतरावर असते. तेव्हा प्रयोगशाळेतील कामाला ठरावीक ठिकाणच्या वार्षिक मत्स्यगणनेची जोड द्यावी आणि निष्कर्ष शेतकरी व मासेमारांपर्यंत मराठीतून पोहोचवावेत. तसे न केल्यास विषाची मात्रा आपल्याला अचूक ठाऊक असेल, पण कोणता मासा केव्हा नाहीसा झाला हे सांगता येणार नाही.