गोड आवाज आणि खरी नोंद: 'लिसन टू विकिपीडिया' ऐकताना

रात्री लॅबमध्ये कोड रनला लावला की मी एक वेबपेज उघडून ठेवते. त्याचं नाव 'लिसन टू विकिपीडिया'. जगात कुठेतरी कुणीतरी विकिपीडियाच्या लेखात भर घालतं आणि माझ्या हेडफोनमध्ये घंटी वाजते. कुणी मजकूर खोडला तर तार छेडल्यासारखा आवाज येतो. बदल मोठा असेल तर स्वर खालचा, छोटा असेल तर वरचा. प्रत्येक स्वरासोबत स्क्रीनवर एक वर्तुळ उमटतं आणि विरून जातं. स्टीफन लापोर्ट आणि महमूद हाशमी या दोघांनी 'हॅटनोट' या नावाखाली २०१३ मध्ये हे केलं. भाषा आपण निवडायच्या, वर्तुळावर क्लिक करून त्या लेखाकडे जायचं, नाहीतर नुसतं ऐकत बसायचं.

आज या पानावर थोडी टीका करायची आहे. ते वाईट आहे म्हणून नाही, उलट फार चांगलं आहे म्हणून. डेटाला आवाज देण्याला सोनिफिकेशन म्हणतात. ते हल्ली पोस्टर प्रेझेंटेशनपासून सायन्स डेच्या स्टॉलपर्यंत सगळीकडे दिसतं. तुमच्यापैकी कुणी ना कुणी पुढेमागे ते करणारच. आणि मी स्वतः त्यात एकदा सपशेल आपटले आहे.

आधी जमलेलं सांगते. मोठ्या बदलाला खालचा स्वर देणं आपल्याला शिकवावं लागत नाही. मोठा ढोल खर्जात वाजतो आणि छोटी घंटा टिपेला, हे कानाला लहानपणापासून माहीत असतं. दुसरं म्हणजे यातले स्वर पाच सुरांच्या सप्तकातले आहेत. भूप ऐकलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचे वाटतात. त्यामुळे चार बदल एकाच क्षणी आले तरी बेसूर काही होत नाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विकिपीडिया ही तयार वस्तू नाही, अखंड चाललेलं काम आहे, हे आलेखाने कळतं, पण या आवाजाने जाणवतं.

आता जिथे अडतं तिथे येऊ.

समजा, एका खोडसाळ माणसाने वीस हजार बाइटचा लेख कोरा केला. तुम्हाला खर्जातली एक सुंदर तार ऐकू येते. मिनिटाभरात कुणा जागरूक संपादकाने जुनी आवृत्ती परत आणली. आता खर्जात घंटी. तुमच्या कानाला वाटतं, वा, कुणीतरी केवढी भर घातली! खरं तर एक अक्षरही नवं लिहिलं गेलेलं नाही. बाइट किती वाढले आणि किती घटले एवढंच आवाजात उतरतं, काम काय झालं ते उतरत नाही. मोजमाप आणि अर्थ यांच्यातली ही फट आपल्या प्रत्येकाच्या थीसिसमध्ये असते. आवाज गोड असला की ती झाकली जाते.

दुसरा मुद्दा. बदल कुणी केला हे इथे रंगातून कळतं: नोंदणी न केलेल्यांचं वर्तुळ हिरवं, बॉटचं जांभळं. आवाजात मात्र हा फरक नाही. डोळे मिटलेत की माणूस आणि यंत्र एकच. ज्या पानाच्या नावातच 'ऐका' आहे, तिथे ऐकणाऱ्यापासून ही माहिती दूर राहते.

आणि तिसरा मुद्दा, पाच सुरांचा. जे त्याचं बळ, तीच अडचण. भांडण, दुरुस्ती, कुणाच्या निधनाची नोंद, सगळं सारखंच प्रसन्न वाजतं. इथे काहीही बिघडलं तरी बेसूर होण्याची सोयच ठेवलेली नाही.

'एवढं काय त्यात, कलाकृती आहे ती,' असं मीही म्हणाले असते. पण गेल्या वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या स्टॉलसाठी, मी याच पानावरून स्फूर्ती घेऊन एक छोटा प्रकल्प केला. एका तळ्यातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनच्या नोंदी माझ्याकडे होत्या. दर पंधरा मिनिटांना एक, म्हणजे दिवसाच्या ९६. स्क्रीनवर एक स्लायडर. बोटाने वेळ पुढे सरकवायची आणि त्या वेळचा ऑक्सिजन स्वरात ऐकायचा. ऑक्सिजन जास्त तर स्वर वर, कमी तर खाली. कल्पना ऑपरेशन थिएटरमधल्या पल्स ऑक्सिमीटरची. रुग्णाचं सॅच्युरेशन उतरलं की त्याची बीपही खाली उतरते आणि मॉनिटरकडे न बघताही भूलतज्ज्ञाला ते कळतं.

तळ्याची गोष्ट थोडक्यात अशी. दिवसा शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं आणि पाण्यात ऑक्सिजन वाढतो. रात्री ते थांबतं, पण श्वसन सगळ्यांचंच चालू राहतं. त्यामुळे पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. सांडपाण्याने शेवाळ माजलेल्या तळ्यात तो लिटरला २ मिलिग्रॅमच्याही खाली जाऊ शकतो आणि सकाळी मासे मेलेले दिसतात. माझ्या प्रकल्पाने सांगायचं ते एवढंच होतं: पहाट धोक्याची आहे.

मी ऑडॅसिटीमध्ये बसून स्वर कापले. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला 'टक्' असा आवाज येत होता. ध्वनीची लाट शून्यावर नसताना कापली की स्पीकरला एकदम झटका बसतो, त्याचा तो आवाज. दोन्ही टोकांना दहा मिलिसेकंदांचा फेड दिला, टक् गेली. छान वाटलं. त्याच भरात पुढचीही 'सफाई' केली. रात्री सव्वादोन ते पावणेचार सेन्सर बंद पडला होता, म्हणजे सात नोंदी गायब. तिथे आवाजच नव्हता. स्लायडर सरकवताना पान बिघडल्यासारखं वाटायचं. मी ती शांतता कापून टाकली आणि आजूबाजूचे स्वर जोडून दिले.

डेमो बघून सरांनी एकच विचारलं, "मधली शांतता कुठे गेली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आलेखात मी सात बिंदू असे गिळले असते तर कुणीही मला धरलं असतं, मी स्वतःच धरलं असतं. पण हातात आवाज आला आणि मी संशोधकाची रेकॉर्डिस्ट झाले. चित्रपटाच्या संकलनात रिकामी जागा कापतात, मीही कापली. मग आम्ही एक साधा नियम ठरवला. टक् माझ्या कात्रीतून आली होती, ती काढायची. शांतता नोंदीतून आली होती, ती ठेवायची. कुठलाही संपादित आवाज तपासताना मी आता हाच प्रश्न विचारते: काढलेली गोष्ट कात्रीची होती की तळ्याची?

दुसरा फटका स्टॉलवर बसला. एका शाळकरी मुलाने त्याच्या ताईच्या फोनवर पान उघडलं, स्लायडर पहाटेपर्यंत नेला आणि म्हणाला, "ताई, शेवटी आवाज बंद होतो." बंद होत नव्हता. सगळ्यात कमी ऑक्सिजनला मी साधारण ६० हर्ट्झचा स्वर दिला होता. लॅबच्या हेडफोनवर तो घुमायचा. फोनचा इवलासा स्पीकर तेवढा खर्ज काढूच शकत नाही. शिवाय मुळात आपला कानही खालच्या स्वरांना मंद असतो. त्याची सगळ्यात जास्त संवेदना २ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास असते. थोडक्यात, जिथे धोका सगळ्यात मोठा तिथेच माझा प्रकल्प गप्प बसला होता.

फिल्ममध्ये काळ संकलकाच्या हातात असतो, इंटरॲक्टिव्ह प्रकल्पात तो ऐकणाऱ्याच्या बोटात असतो. तो कुठेही थांबतो, मागे जातो, मधूनच सुरू करतो. अशा वेळी शांततेचे अनेक अर्थ होतात. ब्राउझर पहिल्या स्पर्शाआधी आवाज सुरू करू देत नाही, ती एक शांतता. सेन्सर बंद पडला ती दुसरी. स्पीकरला झेपलं नाही ती तिसरी. ऐकणाऱ्याला तिन्ही सारख्याच. 'लिसन टू विकिपीडिया'वरही बाकीच्या भाषा बंद करून एखादी छोटी विकिपीडिया निवडा. बराच वेळ काही वाजत नाही. तिथे कुणी लिहीत नाहीये की तुमचं नेट गेलंय? नुसत्या कानाला कळत नाही.

मी नंतर तीन बदल केले. स्वरांची पट्टी २०० हर्ट्झच्या वर आणली. सेन्सर बंद होता तिथे कोरडा, बिनसुराचा ठोका ठेवला, म्हणजे 'इथे माहिती नाही' हे ऐकू येईल. आणि २ मिलिग्रॅमच्या खाली मुद्दाम खटकणारा, पट्टीबाहेरचा स्वर लावला. आता ते आधीइतकं गोड वाजत नाही. एका मैत्रिणीने तर 'पहिलं बरं होतं' असं तोंडावर सांगितलं. ऐकायला बरं होतं, हे मलाही मान्य आहे.

म्हणून तुमच्यासाठी एवढंच. आवाज जोडण्याआधी एका कागदावर दोन रकाने करा. एकात डेटातून आलेले आवाज, दुसऱ्यात सजावटीसाठी घातलेले. जो आवाज कुठल्या रकान्यात टाकावा हे ठरत नाही, तो ऐकणाऱ्यालाही फसवणार. मग तयार झालेलं काम सगळ्यात स्वस्त फोनवर, डोळे मिटून ऐका.

'लिसन टू विकिपीडिया' मी अजूनही रात्री लावते. फक्त आता खर्जात घंटी वाजली की आधी वर्तुळावर क्लिक करून बघते, नवं काही लिहिलंय की जुनंच परत आलंय.