एकाच बेटाच्या दोन कादंबऱ्या

मॉरिशस बेटाचें नांव निघालें कीं आपल्याकडील प्रवासवर्णनकारांच्या लेखणीस निळ्या पाण्याचा उमाळा येतो. पांढरी वाळू, प्रवाळाची रांग, नारळाचीं झाडें आणि शेवटीं 'लघुभारत' हा शब्द; एवढ्यांत बेट संपतें. गेल्या पावसाळ्यांत आमच्या हिंगोलीच्या वाचकमंडळींत या बेटावरील दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचण्याचा योग आला. पहिली बर्नार्दीं द सेंट-पिएर या फ्रेंच ग्रंथकाराची 'पॉल आणि व्हर्जिनी' (१७८८). दुसरी मॉरिशसचेच हिंदी लेखक अभिमन्यु अनत यांची 'लाल पसीना' (१९७७). पहिली इंग्रजी भाषांतरावरून वाचली, दुसरी मूळ हिंदींतून. दोहोंमध्यें जवळजवळ दोनशें वर्षें गेलीं आहेत. पण आमचा प्रश्न काळाच्या अंतराचा नाहीं. एकाच भूमीकडे पाहतांना लेखकास काय दिसलें, आणि दिसूनहि त्यानें काय झांकलें, हा आहे.

प्रथम त्या भूमीविषयीं. मॉरिशसचें मुख्य बेट सुमारें १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या हिंगोली जिल्ह्याच्या निम्म्याहूनहि लहान. समुद्र न पाहिलेल्या आमच्या वाचकांस तें अगदींच परकें वाटावें. पण तसें नाहीं. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं ज्या तप्त स्थानांतून दख्खनचा लाव्हा वर आला, त्याच स्थानानें फार मागाहून, आपला भूखंड उत्तरेस सरकून गेल्यावर, हिंदी महासागरांत मॉरिशस आणि रियुनियन हीं बेटें उभीं केलीं, असें बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. औंढ्याच्या नागनाथाचें देऊळ ज्या काळ्या दगडाचें, त्याच जातीचा दगड तिकडील उसाच्या शेतांत ढीग घालून ठेवलेला दिसतो. हवामानहि समजण्यास कठीण नाहीं. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे मधल्या पठारावर, क्युरपीप गांवाच्या बाजूस, पाऊस टाकून मोकळे होतात, आणि पश्चिमेचा किनारा कोरडा राहतो. सह्याद्रीच्या पाठीशीं पडलेल्या मराठवाड्यास पर्जन्यछाया म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं!

सेंट-पिएर पेशानें इंजिनिअर. १७६८ ते १७७० हीं वर्षें त्यानें या बेटावर काढिलीं, त्या वेळीं तें फ्रेंचांच्या ताब्यांत होतें. त्याची कथा सर्वश्रुत आहे: पतिवियोगिनी एक बाई, फसविली गेलेली दुसरी, त्यांचीं दोन मुलें, डोंगराच्या कुशींतील दोन झोंपड्या. मुलें भावंडांसारखीं वाढतात. मुलीस एका धनाढ्य नातलग बाईकडे फ्रान्सला पाठविलें जातें. परततांना जहाज फुटतें, आणि अंगावरील वस्त्रें उतरविण्यास नकार देऊन ती बुडते. हा शेवट आज कोणास हास्यास्पद वाटेल. आम्हांस तो वाटला नाहीं; पण त्यावर डोळे भरूनहि आले नाहींत. या ग्रंथाचें खरें बळ दुसरीकडे आहे. त्या मुलांजवळ घड्याळ नाहीं, पंचांग नाहीं. केळीची सांवली बुडाशीं आली कीं जेवणाची वेळ, चिंचेनें पानें मिटलीं कीं रात्र. दोघांच्या जन्मकाळीं लावलेले दोन माड हेंच त्यांचें वय. चिंच रात्रीं पानें मिटते हें आमच्याकडील पोरासोरांस ठाऊक आहे. परंतु त्यावरून कादंबरीचा काळ मोजावा असें आमच्या कोणा लेखकास सुचलेलें आमच्या वाचनांत नाहीं. उष्ण कटिबंधांतील झाडापाल्यास कथेंत केवळ शोभा म्हणून न आणतां पात्राचा मान देणारा हा युरोपांतील आरंभींचा लेखक होय, आणि तेवढें श्रेय त्यास मोकळ्या मनानें दिलें पाहिजे.

मात्र या निसर्गास तो अस्पर्श म्हणून पुढें करितो, येथें आमची पहिली शंका आहे. चिंच, आंबा, केळ हीं सारीं त्या बेटावर माणसानें आणून लाविलेलीं झाडें. मूळचें आबनुसाचें रान डच लोकांनीं तोडीत आणिलें होतें; १५९८ सालीं ते उतरले तेव्हां भेटलेला, उडतां न येणारा डोडो पक्षी १६६२ च्या सुमारास दिसेनासा झाला होता, म्हणजे लेखक येण्यापूर्वीं शंभर वर्षें. जहाजांतून आलेले उंदीर, माकडें आणि डुकरें यांनीं पुढेंहि हीच कथा चालू ठेविली. १९७४ सालीं तेथल्या खास जातीचे ससाणे रानांत अवघे चार उरल्याचें आढळलें, आणि कोंडून वाढविलेलीं पिलें सोडून ती जात कशीबशी सांवरली. ज्या बागेस सेंट-पिएर ईश्वराचा हात लागलेला दाखवितो, तेथें आधीं व्यापाऱ्याचा हात लागून गेला होता.

दुसरी शंका अधिक गंभीर. कादंबरींत एक पळून आलेली गुलाम बाई व्हर्जिनीच्या दारीं येते. व्हर्जिनी तिला खाऊं घालते, आणि मग काय करिते? काळ्या नदीकांठच्या तिच्या मालकाकडे तिला परत घेऊन जाते आणि क्षमा मागते! मालक मुलीच्या रूपाकडे पाहून क्षमा करितो. मुलें परततांना रानांत चुकतात, आणि त्यांना शोधून काढणारा घरचा गुलाम सांगतो कीं ती बाई पायांत सांखळी आणि गळ्यांत लोखंडी कडें अडकविलेली त्याला दिसली. वाचक थबकतो, लेखक थबकत नाहीं. तो मुलांच्या घरच्या वाटेकडे वळतो, आणि ती बाई पुन्हां कथेंत येत नाहीं. हें अज्ञानामुळें घडलें असतें तर आम्हीं एवढें मनावर घेतलें नसतें. परंतु याच लेखकानें १७७३ च्या आपल्या प्रवासवर्णनांत बेटावरील गुलामांचे हाल उघड लिहून त्या पद्धतीचा धिक्कार केला आहे. प्रवासी म्हणून जें तो बोलला, तें कादंबरीकार म्हणून त्यानें दोन ओळींत आटोपलें.

'सेंट-जेराँ' या जहाजाचेंहि असेंच. तें खरोखरच फुटलें, पण १७४४ च्या ऑगस्टांत. त्या बेटावर तुफानें येतात तीं बहुधा डिसेंबर ते एप्रिल या काळांत. म्हणून कादंबरीकारानें जहाजाचें येणें २४ डिसेंबरवर नेलें. कलेसाठीं तारीख बदलण्याची मुभा आम्ही कोणाहि लेखकास देऊं, आणि वादळापूर्वींचा तो गुदमरवणारा उकाडा त्यानें रंगविलाहि उत्तम. पण खऱ्या जहाजावर साखर-कारखान्याचीं यंत्रें होतीं, आणि गोरे बेटावर चढविलेले गुलाम होते. साखर आणि गुलाम कादंबरीच्या जहाजावरून उतरविले गेले, आणि सगळ्या जगास एक सुंदर मुलगी तेवढी बुडतांना दिसली.

जें उतरविलें, तें अनतांनीं पुन्हां चढविलें. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'अ‍ॅटलस' जहाज हिंदी मजुरांस घेऊन पोर्ट लुईस बंदरांत आलें. पुढच्याच वर्षीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लक्ष हिंदी माणसें करारावर त्या बेटावर उतरलीं. बहुतेक कलकत्त्याहून, मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतील मराठी माणसें होतीं, आणि त्यांच्या वंशजांचा गणपति व जाखडी नाच आजहि तिकडे टिकून आहेत. करार साधारण पांच वर्षांचा, पुरुषाचा पगार महिना पांच रुपये, वर शिधा. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापीत. त्यास 'दुहेरी कपात' म्हणत. दगडाखालीं सोनें सांपडतें असें सांगून माणसें नेलीं, ही आठवण त्या लोकांत पिढ्यानुपिढ्या चालत आली. 'लाल पसीना' या दगडांची, कोड्यांची आणि उसाची कादंबरी आहे. तिची रचना सैल आहे, कांहीं पात्रें माणसें न राहतां सभेंतील वक्ते होतात, पुनरुक्तीहि पुष्कळ. सेंट-पिएरची एक चिंच तिच्यांत कोठेंहि उगवत नाहीं, हें आम्हांस प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु ऊस पिकतो म्हणजे काय होतें, तें तिच्यांत आहे. मुंबईच्या गोदींतून गेलेल्या आपल्या माणसांवर एवढ्या ताकदीची मराठी कादंबरी आमच्या वाचनांत नाहीं, याची खंत वाटली.

वाचन चाललें होतें त्या घरीं धुणेंभांडीं करणारी एक बाई दाराशीं बसून ऐकत असे. दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन नवऱ्यासह ऊसतोडीला जाणारी, पाडव्याच्या सुमारास परतणारी. आमच्या जिल्ह्यांत अशीं घरें गांवोगांव आहेत. व्हर्जिनीचें बुडणें तिनें निमूटपणें ऐकलें. दुहेरी कपातीचा भाग आला तेव्हां वाचणाऱ्या मुलीस तिनें थांबविलें.

"ताई, त्याला आमच्याकडं खाडा म्हणत्यात. तिकडं बाळंतीण बाईचाबी धरत होते का?"

मुलीनें पुस्तकाचीं पानें मागेंपुढें चाळून पाहिलीं.