धुके आणि कोरा कागद

जलरंगाचा सराव करू इच्छिणाऱ्यास पेडण्यातील हरमलसारखी शाळा विरळाच. समोर समुद्र, टेकडीच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचे तळे, उत्तरेस केरी आणि नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला. हिवाळ्यात पहाटे धुके उतरले म्हणजे टेकड्यांचे पायथे नाहीसे होतात व उरलेले माथे आकाशात बेटांप्रमाणे तरंगू लागतात. बेटाला कोकणीत जुंवें म्हणतात. असे जुंवें धुके घटकाभर घडविते आणि ऊन येताच मोडते.

हे दृश्य कागदावर उतरविण्याचे पुष्कळ प्रयत्न आमच्या पाहण्यात आले. त्यांतील बरेच फसले, आणि तेही एकाच कारणाने. चित्रकार आधी सबंध टेकडी रंगवितो, मग पांढरा रंग कालवून तिच्यावर धुके चढवितो. दिसते ते धुके नव्हे, चुन्याचा हात! पारदर्शक जलरंगात पांढरेपणा कागदाचाच असतो. तेथे धुके रंगवावयाचे नसते, राखावयाचे असते.

त्यासाठी कागद भिजवावा, आकाशाची फिकी छटा वरून खाली उतरवावी आणि ओलाव्याची चमक मावळू लागताच माथ्याची कड लावावी. ओल अधिक असेल तर आकार विरघळतो. कमी असेल तर कड कात्रीने कापल्यासारखी उठते. मधला क्षण ओळखणे हाच सारा सराव. आपल्या दमट हवेत तो क्षण रोज निराळा असतो; पुस्तकातील मिनिटांचा हिशेब येथे चालत नाही.

परंतु याच्या उलट टोकाचा दोषही तितकाच मोठा. सगळेच धूसर केले की चित्र काव्यमय होते, हा समज खोटा आहे. जपानात योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो यांनी रेषेऐवजी छटांनी आकार घडविले, तेव्हा टीकाकारांनी त्या रीतीस ‘मोरोताई’, म्हणजे अंधुक शैली, असे हिणविले. हे दोघे १९०३ साली कलकत्त्यास आले. त्यांच्यापासून बोध घेऊन अवनींद्रनाथ ठाकुरांनी कागद पुनःपुन्हा धुऊन रंग मुरविण्याची पद्धत सिद्ध केली. अवनींद्रनाथांचे शिष्य आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) हे मांडवीतील सांत इस्तेव या बेटावरचे. त्यांचे विषय ख्रिस्ती, चित्रांतील माणसे मात्र इथलीच. छटा कितीही मृदू असो, तिच्यामागचे रेखाटन पक्के असते, हे त्यांच्या चित्रांपुढे उभे राहिल्यावर पटते.

नैवेद्याच्या वेळी गाभाऱ्यापुढे पडदा ओढतात. मागे मूर्ती आहे म्हणूनच त्या पडद्याला अर्थ. ज्या चित्रात धुक्यामागे टेकडीच नाही, तेथे नुसता पडदा उरतो.

म्हणून हरमलला जाणाऱ्या नवोदितांस आमचे सांगणे एवढेच: आधी लख्ख उन्हात ती टेकडी दहा वेळा रेखाटा. मग पहाटे जा, आणि तिच्यातले काय गाळावयाचे ते धुक्यालाच ठरवू द्या.